बटणांच्या डब्यातली अर्धी गोळी

४ फेब्रुवारी

सूनबाईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोन केला असता तर "बरं, यांना देते" म्हणून तू तो माझ्या लेकाच्या हातात दिला असतास. आणि तो कसा आहे हे तुला मी काय सांगणार? दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो आणि मग दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येतो. तुम्ही इथून गेलात त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून हेच चाललंय.

कारण तसं लहानसंच आहे. मला नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आहेत. औषधाच्या दुकानात पाकिटावर चिठ्ठी चिकटवून देतात, तिच्यावरचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं असतं. सुईत दोरा मी अजून पहिल्या खेपेला ओवते, पण तो बोटांच्या सवयीनं, डोळ्यांनी नाही. तू मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसून दिवसभर लोकांना हेच समजावतेस. मग घरात जाणतं माणूस असताना बाहेर कुणाला कशाला विचारायचं, असं मनात आलं. दुसरं काही नाही.

तर विचारायचं ते असं. दिवसातून दोनदा म्हणजे नेमकं केव्हा? एक वेळ विसरले तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का? जेवणाआधी म्हणजे किती आधी? दुकानातला माणूस सांगतो, पण त्याच्या मागे रांग असते आणि तो माझ्याकडे न बघता सांगतो.

तब्येत उत्तम आहे. शिवणाचं दुकान चालू आहे, सध्या शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. डाव्या मनगटाला जरा पट्टी आहे, त्यात विशेष काही नाही.

तुझी भिंगरी आता सहाची झाली असेल. तिच्या फ्रॉकचं माप पाठव असं म्हणणार नाही. अंदाजानं शिवलं की बिघडतं, म्हणून शिवत नाही, एवढंच कळवते.

तुझ्या नवऱ्याची आई


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझा कागद मिळाला. त्याला पत्र म्हणवत नाही. वर "आई" नाही, खाली "तुमची" नाही. मध्ये अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीला आकडा. खिडकीमागून बोलतेस तशीच लिहितेस. पण अक्षर मात्र चांगलं टपोरं काढलंस, चष्म्याशिवाय वाचता आलं, याबद्दल तुझं कौतुक करते आणि पुढे जाते.

दोनदा म्हणजे साधारण बारा तासांनी, कळलं. विसरलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीही घ्यायच्या नाहीत. हेही कळलं. मी आजवर दोन घेत होते. एक टाका सुटला की पुढे दोन घालावेत तसं.

तुझी अकरावी ओळ मी बरेचदा वाचली. "मनगटाला काय झालं?" इतर दहा ओळींच्या खाली तू रेघ मारलीस, हिच्या खाली नाही.

पडले मी. कापायच्या टेबलाला धरून उठले, डोळ्यांपुढे काळोख आला आणि हातावर पडले. हाड मोडलं नाही. झालं असं की जुन्या डॉक्टरांची गोळी निळ्या डबीतली होती आणि नव्या बाईंची पांढऱ्या डबीतली. दोन्हींची नावं निराळी, म्हणजे औषधं निराळी असं मी धरून चालले आणि महिनाभर दोन्ही घेतल्या. पुढे बाईंनीच दोन्ही डब्या शेजारी ठेवून मोठ्या नावाखालची बारीक ओळ मला वाचायला लावली. अक्षरन् अक्षर सारखं. एकच औषध, दोन कंपन्यांचं. नव्या बाईंनी विचारलं होतं, आणखी काही चालू आहे का म्हणून. मी "काही नाही" म्हणाले. जुन्या डॉक्टरांचं नाव त्यांच्यापुढे काढायला नको, त्यांना वाईट वाटेल, असं मला वाटलं. हसू नकोस.

लेकाला सांगू नकोस. तो रविवारी जेवलीस का विचारतो, तेवढं पुरे आहे.

आता तुझी दहावी ओळ. घरात असतील नसतील त्या सगळ्या औषधांची यादी कर, गोळ्यांच्या पट्टीवर छापलंय तसंच उतरव, असं तू लिहिलंस. करते. थोडा वेळ लागेल. डबा तुला ठाऊकच आहे.

मनगटाला आराम आहे.

सासू


८ मार्च

सूनबाई,

यादी सोबत जोडली आहे. तिला यादी म्हणायची लाज वाटते.

तो पत्र्याचा, आत खण असलेला बटणांचा डबा मी आज दुकानाच्या दारात, चांगल्या उजेडात, पांढरं कापड अंथरून पालथा केला. आमच्या कामात उरलेलं टाकायचं नसतं. वीतभर कापड उरलं तरी कधीतरी खिशाला लागतं. बटण सुटं पडलं तरी ठेवायचं, उद्या त्याची जोडी लागते. औषधांचंही मी तेच केलं. तुझ्या सासऱ्यांची उरलेली, माझी उरलेली, शेजारणीनं दिलेली, सगळी एका डब्यात, रंगांप्रमाणे. पांढऱ्या एका खणात, गुलाबी दुसऱ्यात, पिवळ्या तिसऱ्यात.

आणि गोळ्यांच्या पट्ट्या मी कापल्या. खणात मावत नव्हत्या म्हणून नाही. काठ सुबक दिसावा म्हणून. नागमोडी काठ पाडणाऱ्या नक्षीच्या कात्रीनं. नावाचा आणि तारखेचा भाग काठालाच असतो, हे मला आज कळलं. अठरा प्रकार निघाले. त्यातल्या पाचांचीच नावं शिल्लक आहेत, आणि त्या पाचांपैकी चारांची तारीख उलटून गेली आहे. उरलेल्या तेरांपुढे मी नुसतं "पांढरी, चपटी" असं काहीबाही लिहिलंय. एक तर गोळी नव्हतीच, शर्टाचं बटण होतं. चार भोकं दिसली म्हणून वाचले, नाहीतर डोकं दुखताना पाण्याबरोबर घेतलं असतं आणि बरं वाटलं असंही सगळ्यांना सांगितलं असतं.

तू या घरात नवी आलीस तेव्हा पहिल्या आठवड्यात हा डबा बघितला होतास. म्हणालीस, "आई, या वेगळ्या ठेवूया का? मी नावं लिहून देते." मी काय उत्तर दिलं ते आठवतं का? मला आठवतं. म्हणाले, "तीस वर्षांत मी चुकीचं बटण लावलेलं नाही." तू डब्याचं झाकण लावलंस. मला वाटलं, जिंकले.

पिवळ्या खणात, तळाशी, चंदेरी कागदात गुंडाळलेली एक अर्धी गोळी आहे. कशाची ते आठवत नाही. यादीत अठरावी लिहिली आहे.

भिंगरीचे दात पडायला लागले का?

सासू


२६ मार्च

मुली,

अठरा दिवस झाले. पोस्टमन दारावरून जातो, मी मशीन थांबवते, तो मान हलवतो, मी पुन्हा पाय मारते. आज त्याची वाट बघितली नाही. आज मी लिहायला बसले आहे आणि दुकानाला आतून कडी लावली आहे.

अर्धी गोळी कशाची ते आठवत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. ती अर्धी मला रोज आठवते. तिची दुसरी अर्धी मी भिंगरीला दिली होती.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या दिवशी तू कामावर होतीस, तो दौऱ्यावर होता. अकराच्या सुमारास पोरीच्या अंगावर पित्त उठलं. पाठ, मांड्या, सगळीकडे लाल चट्टे. खाजवून खाजवून रडत होती. "आजी, काहीतरी कर," असं म्हणाली. तुला फोन करायला हवा होता. पण तू आलीस की डब्याबद्दल बोलशील, आणि चार वर्षांच्या पोरीचं पित्त मला शमवता येऊ नये का, असाही ताठा होता. मला मागे डॉक्टरांनी पित्तावर एक बारीक पिवळी गोळी दिली होती. डबा उघडला. पिवळ्या खणातली गोळी बोटांत धरून पारखली, रंग, आकार, काठ, मधली रेघ. तीच वाटली. मोठ्या माणसाला एक, तर लेकराला अर्धी. ब्लेडनं कापली, वाटीत साखरेच्या पाण्यात विरघळवली आणि पाजली. साडेअकराला ती माझ्या मांडीवर झोपली. मला बरं वाटलं. मी तिच्यावर पंखा सोडला आणि कॉलर शिवायला बसले.

तीनला तू आलीस. हाक मारलीस, ती उठेना. उचललीस तर मान एका बाजूला कलंडली. पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं. काही खाल्लं का, काही लागलं का, काही औषध दिलं का? मी तिन्ही वेळा नाही म्हणाले. पहिल्यांदा नाही म्हणाले तेव्हा पित्ताच्या साध्या गोळीनं असं होणार नाही, असं खरंच वाटत होतं. मग मला चादर आणायला घरी पाठवलंत. घरी मी डबा उघडला. माझ्या पित्ताच्या गोळ्या चुकून पलीकडच्या खणात पडल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. मी दिली होती ती तुझ्या सासऱ्यांची झोपेची गोळी. ते जाऊन वर्ष झालं होतं आणि मी त्यांच्या गोळ्या जपून ठेवल्या होत्या.

म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी जाणूनबुजून नाही म्हणाले.

ते मेंदूज्वर म्हणाले. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासावं लागेल म्हणाले. मी पडद्याबाहेर उभी होते. एवढी मोठी सुई पाठीत घातली तरी पोर ओरडली नाही, हूं की चूं केलं नाही. ती ओरडली असती तर कदाचित मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले आहे. तेही खरं नाही. मी बोलले नसते.

तू मला नळापाशी गाठलंस. आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "आई, डब्यातलं काही दिलंत का? मी रागावणार नाही. मला फक्त नाव हवंय." आणि मी मोठ्यानं रडायला लागले. माझ्यावर संशय घेतेस, या घरात मला एवढीच किंमत, असं काय काय बोलले. तो नुकताच धावत येऊन पोचला होता. त्यानं सगळ्यांदेखत तुला सुनावलं. तू वळून पोरीपाशी गेलीस. माझं रडणं खोटं नव्हतं, मुली. पण ते मी पुढे केलं आणि त्याच्याआड लपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. जीव भांड्यात पडला, आणि मग वाटलं, आता सांगून काय उपयोग? चार महिन्यांनी त्याची बदली झाली. ती बदली कुणी मागून घ्यायला लावली हे मला कळलं नाही असं समजू नकोस.

खोटं का बोलले, ते विचारशील. सांगितलं तर भिंगरी मला पुन्हा मिळणार नाही, ही भीती होती. बोलले नाही, तरी मिळाली नाहीच.

हे पत्र त्याला दाखव. तुला त्यानं जे सुनावलं ते माझ्यामुळे होतं, हे त्याला कळलं पाहिजे. पोरीला भेटव असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर माझ्यासारखीच्या हाती मूल दिलं नसतं. फक्त तुला नाव हवं होतं ते दोन वर्षं उशिरा देते आहे. तुझ्या सासऱ्यांच्या जुन्या कागदात सापडलं. वेगळ्या चिठ्ठीवर छापील अक्षरात लिहून टाचलंय, किती ताकदीची होती तेही.

माफ कर असं लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं दिसतंय, राहू दे.

आई


१४ एप्रिल

मुली,

तुझं पत्र आलं. वर "आई" आहे. एवढ्यासाठीच मी ते बराच वेळ पुढे वाचलं नाही.

तुला माहीत होतं. पोरीला दवाखान्यातून घरी आणल्यावर तू वाटी बघितलीस. तळाला साखर आणि साखरेत पिवळा कण. आणि मग तू ती घासून टाकलीस. मी स्वतः सांगेन म्हणून थांबलीस, आणि मी सांगितलं नाही, म्हणून गेलीस. "दोन वर्षं मी खिडकीत बसून हाताखालून जाणारी प्रत्येक पिवळी गोळी बघते आणि विचार करते, ही होती का," हे तू लिहिलंस. हे वाचल्यावर मला बसवेना. मी दुकानात येरझारा घालत राहिले. मला वाटायचं, ती गोळी फक्त माझ्याच उरावर आहे.

माफ केलं असं तू लिहिलेलं नाहीस. खोटं लिहिलं नाहीस, हे मला बरं वाटलं. "राग अजून आहे, पण आता तो कशाचा आहे ते कळलं," असं लिहिलंस. तेवढं मला पुरतं.

त्यानं पत्र दोनदा वाचलं आणि उठून भांडी घासायला गेला, हे वाचून मात्र हसू आलं. लहानपणापासून असाच. गुरुवारी त्याचा फोन आला. रविवार नसताना. म्हणाला, "आई, हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस." मी म्हणाले, हो. मग म्हणाला, "तिची मी माफी मागितली." आणि मग, "जेवलीस का?"

डब्याचं सांगते. तू म्हणालीस तसं सगळं पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेलं. जुनी औषधं नीट नष्ट करायला घेतात का, असं विचारलं. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "मावशी, हे सगळं तुम्ही घेत होता?" घेतलं सगळं. ती अर्धीही दिली.

आता डब्यात फक्त बटणं आहेत. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, वरच्या फळीवर. स्टूल घेतल्याशिवाय माझाही हात पोचत नाही, मग लेकराचा कुठला पोचणार? आमच्याकडे लेकरू येत नाही, तरी वरच ठेवते. आणि औषधवाल्याला सांगून चिठ्ठी मोठ्या अक्षरात छापून घेतली. मागितली की देतात. मला आजवर मागायची लाज वाटत होती.

आई


१० मे

मुली,

तू आपणहून कळवलंस तसं आज सकाळी भिंगरीला चार दिवसांसाठी माझ्याकडे सोडून पहिल्या गाडीनं परत गेलीस. हे पत्र तुला मिळेल तोवर चार दिवस संपून ती तुझ्याकडे आलेलीही असेल. पण तुला लिहायची आता सवय लागली आहे, आणि काही गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत.

तू दारात उभी राहून दुकान बघत होतीस. मशीन, टेबल, फळी. फळीवर तुझी नजर थांबली तेव्हा मी शिंप्याच्या खडूचा चुरा झाडायला लागले. तुला वाटलं असेल मला काम आहे. मग तू पिशवीतून औषधाची बाटली काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. टेबलावर ठेवली नाहीस, हातात दिलीस. "कान दुखतोय तिचा, दोन दिवस उरलेत, सगळं चिठ्ठीवर लिहिलंय," एवढंच बोललीस आणि निघालीस.

तू गेल्यावर पोरीचं फ्रॉकसाठी माप घेतलं. खांदा, छाती, उंची. टेप पाठीवरून खाली सोडली तेव्हा हात कण्यावर थांबला. खूण नाही. मी बोटानं चाचपूनही बघितलं. "आजी, गुदगुल्या होतात," असं म्हणून ती वळली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "कमी पडलं का कापड?" मी म्हणाले, नाही गं, भरपूर आहे.

रात्रीचे आठ वाजायला आले तेव्हा बाटली घेतली. छापील चिठ्ठीवर तू तुझ्या टपोऱ्या अक्षरातली दुसरी चिठ्ठी चिकटवली आहेस. पोरीचं पूर्ण नाव. कशासाठी, कानासाठी. किती, पाच मिली, सोबतच्या मापानं, घरातल्या चमच्यानं नाही. केव्हा, सकाळी आठ आणि रात्री आठ. कधीपर्यंत, मंगळवार सकाळ, कान दुखायचा थांबला तरी. आधी बाटली हलवायची. आणि सगळ्यात खाली एक ओळ, जी कुठल्याही चिठ्ठीवर मी आजवर बघितलेली नाही. कोण देणार. आणि तिच्यापुढे, आजी.

मी सोबतच्या मापात पाच रेघेपर्यंत औषध घेतलं. डोळ्यांसमोर धरलं, पुन्हा बघितलं. कापड कापताना मी दोनदा मोजते, इथे तीनदा मोजलं. मग तिच्यापुढे धरलं. पोर ओठ घट्ट मिटून बसलेली.

"कडू नाही गं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. ओठ न उघडता बोट माझ्या कपाळाकडे दाखवलं. मी चष्मा डोक्यावर सरकवून ठेवला होता, औषधाची रेघ बघून झाल्यावर तो तसाच वर गेला होता. मग जेमतेम ओठ उघडून म्हणाली, "आईनं सांगितलंय. आजी चष्मा लावून चिठ्ठी मोठ्यानं वाचेल, मगच तोंड उघडायचं."

मी तुझ्यावर रागावले नाही. उलट मला फार बरं वाटलं. चष्मा खाली ओढला. बाटली उजेडात धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, तिचं नाव, कशासाठी, किती, केव्हा, कधीपर्यंत. शेवटच्या ओळीखाली मी बोट ठेवलं. तिनं वाट बघितली.

"कोण देणार," मी वाचलं, "आजी."

तेव्हा तिनं तोंड उघडलं.

आई